देखाव्यासाठी विचारतोय: घोड्याची ट्राम जुंपायची कशी, थांबवायची कशी?

माचीपेठकर (सातारा)
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचा यंदाचा गणपतीचा देखावा ‘मुंबईची घोड्यांची ट्राम : शेवटचे दिवस’ असा ठरलाय. मापं निम्म्यानं घेतोय आणि ट्राम सहा फूट पुढंमागं हलवायची आहे. फोटो मिळाले, पण अंधुक. जुंपणी नीट दिसतच नाही. घोडे किती आणि कशाला बांधलेले? शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायचे कशी? ब्रेक कुठं असायचा? मागं गिरणीचं फाटक आणि चिमणी दाखवायचा विचार आहे. टांग्याचं जुनं सामान सांगलीहून मिळतंय, ते चालेल का? निवेदन दोन मिनिटांचं आहे. त्यात घोडे का गेले हे सांगायचंय. नुसतं “वीज आली” एवढ्यावर भागवायचं नाही.

रूळ_आणि_सांधे
आधी तारखा, कारण फलकावर त्याच चुकतात. पहिली घोड्याची ट्राम ९ मे १८७४. सुरुवातीचे मार्ग दोन: कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. भाडं तीन आणे, नंतर दोन आणे. सुरुवातीला तिकीटच नव्हतं. फुकटे वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटं आली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, तिनं जुन्या कंपनीचा कारभार विकत घेतला आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. म्हणून गिरणीच्या फाटकापेक्षा पायधुणीचा नाका दाखवा. दोन्ही मार्ग तिथं मिळायचे, आणि चिमणी लांब पडद्यावर रंगवता येतेच.

आता मापं. रुळांमधलं अंतर ४ फूट ८½ इंच, म्हणजे तुमचं २ फूट ४¼ इंच. चाकं चारच, साधारण ३० इंची. तुम्ही १५ इंची करा. रूळ रेल्वेसारखा वर उचललेला दाखवू नका. ट्रामचा रूळ रस्त्याच्या पातळीत असतो आणि त्यात चाकाच्या कडेसाठी खाच असते. या खाचेत चिखल, खडी, लीद बसली की ओढ जड होते आणि कधी चाक रुळावरून उतरतं. म्हणून खाच खरवडणारा माणूस लागायचा. लांब दांड्याची खरवडणी हातात असलेला तो माणूस देखाव्यात जरूर ठेवा, रस्ता लगेच खरा वाटेल.

गाडी वळवतच नाहीत. गाडीच्या दोन्ही टोकांना हाकणाऱ्यानं उभं राहायचे सारखेच फलाट असतात. शेवटच्या थांब्यावर घोडे ज्या आकड्याला जोडलेले असतात त्याची खीळ काढायची, घोड्यांची जोडी फिरवून दुसऱ्या टोकाला आणायची आणि ब्रेकची मूठ काढून तिकडच्या खांबावर बसवायची. ब्रेक म्हणजे फलाटावर उभा लोखंडी खांब. मूठ फिरवली की खांबाच्या बुडाशी साखळी गुंडाळली जाते आणि ठोकळे चाकांवर दाबले जातात. खाली दातेरी चक्र असतं, त्याची खिटी पायानं अडकवायची. पावसात जोरात ब्रेक मारला तर चाक फिरायचं थांबून घसरतं आणि एका जागी झिजून चपटं होतं. मग गाडी चालताना टकटक वाजते. त्यावर उपाय म्हणजे रुळावर वाळू.

कृष्णाकाठ_सांगली
टांग्याचं सामान आणा, पण सगळं चढवू नका. लगाम, तोंडावरची झापडं, घुंगरं चालतील. टांग्याचं खोगीर आणि दोन बाजूंच्या दांड्या नकोत. टांगा दोन चाकी, त्याचा थोडा भार घोड्याच्या पाठीवर येतो; खोगीर आणि तंग (पोटाखालचा पट्टा) त्यासाठी. ट्राम स्वतःच्या चार चाकांवर उभी असते, पाठीवर भार शून्य. सगळी ओढ खांद्यावरून. म्हणून गळ्यात जाड भरलेलं कडं, त्याच्या दोन्ही बाजूंनी मागं जाणारे ओढीचे पट्टे, ते घोड्याच्या मागच्या आडव्या दांडीला, आणि दोन घोड्यांच्या दोन दांड्या मिळून एका मोठ्या दांडीला. ती दांडी गाडीच्या आकड्यात.

टांग्याचा घोडा दांड्यांवर मागं रेटून टांगा थांबवतो. पट्ट्यांवर जुंपलेल्या घोड्याला तसं रेटता येत नाही. हाकणाऱ्यानं ब्रेक उशिरा लावला की गाडी थेट घोड्यांच्या मागच्या पायांवर.

पागा_आणि_चंदी
निवेदनासाठी. रुळावर ओढ हलकी असते, म्हणून तर रूळ घातले. सपाट, स्वच्छ रुळावर टनामागं साधारण १२ किलोचा जोर पुरतो. भरलेली गाडी चार टन धरली तर ४८ किलो, एका घोड्याच्या वाट्याला २४. पण चाळीस फुटांत एक फूट चढ आला की टनामागं आणखी २५ किलो वाढतात. मग दोघांना मिळून जवळजवळ दीडशे किलो. ४५० किलोचा घोडा सलग ओढतो ते ४५ किलोच्या आसपास. त्यामुळं चढाच्या पायथ्याला जादा घोडा जोडावा लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे उभी गाडी हलवणं. त्याला कितीतरी पट जोर लागतो, आणि ट्राम तर पावलोपावली थांबते. खांदे सोलवटतात, शिरा दुखावतात, दगडी रस्त्यावर खूर फुटतात.

म्हणून एक जोडी तीन-चार तासच चालवायची, मग बदलायची. दिवसभर एक गाडी चालवायला आठ-दहा घोडे, शिवाय आजारी पडलेले वेगळे. मुंबईच्या कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते असं सांगतात. चारा आणि चंदी (दाणा) मिळून घोड्याला रोज १० किलो धरलं तर ९ टन. लीद प्रत्येकी १५ किलो, म्हणजे साडेतेरा टन, रोज उचलायची. महिन्याभरात नाल बदलायचे. वर मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद, खरारा करणारे. गाडी उभी असली तरी हा खर्च थांबत नाही. मोटर उभी असली की खात नाही. माझ्या मते निवेदनाचा गाभा हाच ठेवा.

बदलसुद्धा एका रात्रीत होत नाही. घोड्यांसाठी घातलेले हलके रूळ विजेच्या जड गाडीखाली वाकतात, म्हणून रस्ता उकरून जड रूळ घालावे लागतात. वीज रुळांतूनच परत जाते, त्यामुळं प्रत्येक सांध्याला तांब्याची जोडतार लागते. अर्धा रस्ता उकरलेला आणि उरलेल्या अर्ध्यातून घोडे चाललेत, वर खांबांवर नवी तार : ‘शेवटचे दिवस’ दाखवायचे तर असे दाखवा. कोलकात्यालाही घोड्यांच्या जागी वीज आली, तिथं २७ मार्च १९०२ ला पहिली विजेची ट्राम एस्प्लनेडहून गोदीकडच्या खिदिरपूरला गेली.

माचीपेठकर (सातारा)
लाख धन्यवाद. खोगीर परत पाठवतो. आता एकच: देखावा हलवणारी मोटर ट्रामच्या चाकांना लावू की घोडे ज्यावर उभे आहेत त्या सरकत्या पाटाला?

रूळ_आणि_सांधे
घोड्यांच्या पाटाला. चाकांना लावलीत तर ट्राम घोड्यांना ढकलेल, पट्टे लोंबतील आणि खोटं लगेच कळेल. पाट फळीखालून ओढा, ट्राम नुसती आकड्याला. निघताना आधी पट्टे ताणले जावेत, मग गाडी हलावी. त्यासाठी आकड्यात दोन इंच ढील ठेवा. परत मागं आणताना दिवे मंद करा आणि ट्रामच्या मागून वेगळ्या दोरीनं दोन्ही एकदम ओढा. साताऱ्यात रस्ता उताराचा असतो, तेव्हा मंडप घातल्यावर फळीची पातळी पाणसळीनं तपासा आणि दोन्ही टोकांना लाकडी अडण ठोका. खरे घोडे मात्र आणू नका. ढोल आणि गर्दीत ते बुजतात.