पोस्टफिक्स: प्रत्येक खात्याला मेलच्या साइजची वेगळी मर्यादा कशी लावायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या छापखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा), एकूण 22 खाती. डिझाइनवाल्या दोघांना 25-30 एमबीच्या पीडीएफ पाठवाव्या लागतात, म्हणून मेसेज_साइज_लिमिट (एका मेलची कमाल साइज) मूळच्या 10240000 बाइटवरून 52428800 (50 एमबी) केली. आता ती सवलत सगळ्यांनाच मिळाली आहे. परवा हिशेबाच्या टेबलावरून बिलांचे मोबाइलवर काढलेले फोटो एकाच मेलमधून 14 जणांना गेले, लाइन भरून गेली आणि लग्नपत्रिकेचं प्रूफ दुपारपर्यंत क्यूमध्ये (पाठवायच्या मेलच्या रांगेत) पडून राहिलं. गिऱ्हाइकाचे तीन फोन आले. मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्या मुलीची नव्हती, मर्यादा मीच वाढवली होती.

मास्टर डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये सबमिशनला (आपल्या लोकांची मेल जिथून स्वीकारली जाते त्या पोर्टला) वेगळी मर्यादा देता येते, पण ती पोर्टला लागते, माणसाला नाही. म्हणून पायथनमध्ये छोटी पॉलिसी सर्व्हिस लिहिली, म्हणजे मेल घ्यायची की नाही हे पोस्टफिक्स जिला विचारतो ती स्क्रिप्ट. लॉगिनचं नाव बघायचं, साइज बघायची, जास्त असली तर नकार. ती रेसिपियंट रिस्ट्रिक्शन्समध्ये, म्हणजे मेल कोणाला जाणार हे सांगितलं जातं त्या टप्प्यावरच्या नियमांत, लावली आहे. थंडरबर्डवरून (कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रामवरून) पाठवलं की अडवते, पण ऑफिसच्या स्कॅनरवरून 40 एमबीचं स्कॅन बिनदिक्कत जातं. लॉगमध्ये त्या वेळी साइज 0 दिसते. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

स्क्रिप्ट बरोबर आहे, जागा चुकली. रेसिपियंटच्या टप्प्यावर मेल अजून आलेलीच नसते. पाठवणाऱ्याने मेल फ्रॉमसोबत (सुरुवातीला आपला पत्ता देतानाच्या आदेशासोबत) जी साइज सांगितली तेवढीच पोस्टफिक्सला माहीत असते. तुमचा स्कॅनर ती सांगतच नाही, म्हणून 0.

हीच सर्व्हिस एसएमटीपीडी_एंड_ऑफ_डेटा_रिस्ट्रिक्शन्समध्येही, म्हणजे पूर्ण मेल येऊन संपल्यावरच्या शेवटच्या टप्प्यावर, लावा. तिथे खरी साइज मिळते. आधीची ओळ काढू नका, कारण साइज आधीच कळली तर 40 एमबी अपलोड होण्यापूर्वीच नकार जातो. मात्र ती परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेड (लॉगिन केलेल्यांना थेट परवानगी देणारा नियम) याच्या वरच राहू द्या; खाली गेली तर लॉगिन केलेल्यांची तपासणीच होणार नाही.

मेन डॉट सीएफ या मुख्य सेटिंगच्या फाइलमधली मर्यादा सगळ्यांत मोठ्या खात्याइतकी ठेवा, स्क्रिप्ट ती फक्त कमी करू शकते. आणि बेस64 (मेलसोबतची फाइल अक्षरांत बदलून पाठवायची पद्धत) विसरू नका: 10 एमबीची फाइल मेलमध्ये साडेतेरा एमबीच्या पुढे जाते. "10 एमबी चालेल" असं सांगून मर्यादाही 10 च ठेवली तर लोक तुमच्याशी भांडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. नकार देताना 552 5.3.4 (मेल फार मोठी) या कोडसोबत मराठीत बोलायचं तसं साधं वाक्य रोमन लिपीत टाका.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. लावलं, स्कॅनरची मेल अडली. हिशेबाला 14 एमबी दिले. आता येणाऱ्या मेललाही खात्यानुसार मर्यादा लावायची आहे, पण शेवटच्या टप्प्यावर दोन जणांना आलेल्या मेलमध्ये रेसिपियंट रिकामा येतो. तिथे काय करता?

प्रतिसाद

एकापेक्षा जास्त पत्ते असले की तो रिकामाच येतो. येणाऱ्या मेलसाठी रेसिपियंटच्याच टप्प्यावर, सांगितलेल्या साइजवर तपासा. बाहेरचे बहुतेक मोठे सर्व्हर साइज सांगतात.