गरिबांवरचं अर्धं वचन आणि फुकटचं रेशन

पंचगंगाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, ‘मोफत धान्य बंद करा. येशूच म्हणाला, गरीब कायम तुमच्याजवळ असणार.’ वचन मधेच तोडलंय. बायबलमधलं मार्क 14:7 उघडा, त्याच वाक्यात पुढं आहे की मनात येईल तेव्हा त्यांचं भलं करता येतं. त्याच्या मागं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचं 15:11 आहे. गरीब देशातून संपणार नाहीत, म्हणून हात सैल सोड, अशी ती आज्ञा. द्यायचं कारण तुम्ही न द्यायला वापरताय!

बावडेकर: ती पोस्ट माझीच. मग 2 थेस्सलनीका 3:10 चं काय? काम नको त्यानं खाऊ नये. स्वच्छ आहे.

पंचगंगाकाठ: 11 पण वाचा. मंडळीतच (म्हणजे चर्चमध्येच) काम सोडून लुडबुड करत फिरणाऱ्यांबद्दल आहे ते. 13 मध्ये लगेच, चांगलं करताना खचू नका. आणि लेवीय 19:9-10 मध्ये बंधन शेतमालकावर आहे: बांधापर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबांसाठी सोडा.

बावडेकर: वेचायला कष्टच पडतात की! बायबलमधल्या गरीब विधवा रूथनं संध्याकाळपर्यंत वेचलं, झोडपलं, तेव्हा एफाभर (एफा म्हणजे धान्याचं जुनं माप) सातू झाले (रूथ 2:17). घरपोच पोतं आलं नव्हतं.

पंचगंगाकाठ: रूथचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य. पण 2:16 मध्ये शेताचा मालक बवाज तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम उपसून टाकायला लावतो.

रंकाळा_वारा: रेशनवर भांडताय, याकोब 2 कोण उघडणार? सोन्याची अंगठीवाला चांगल्या जागी, मळक्या कपड्यांचा पायाशी, असा भेद करू नका म्हणतं ते. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हटलं, तरी तेच. 1902 ला शाहू महाराजांनी मागासांसाठी नोकरीतल्या 50 टक्के जागा राखल्या त्या कोल्हापुरात तरी यावर बोला.

बावडेकर: विषय भरकटवू नका. गलती 3:28, ख्रिस्तात भेद नाही. मग जात कशाला मागायची?

रंकाळा_वारा: मंडळीनं भेद करू नये म्हणून ते लिहिलंय. वाड्यावस्तीवरचा भेद बाप्तिस्म्यानं जात नाही. त्याच वचनात स्त्री-पुरुष भेदही नाही, म्हणून बाळंतपणाची रजा बंद करता का? आणि बाईला मंडळीची ‘वडील’ (म्हणजे प्रमुख) नेमायचं म्हटलं की हेच लोक 1 तीमथ्य 2:12 पुढं करतात, बाईनं पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणून. तेव्हा 3:28 कुठं जातं?

बावडेकर: आवाज चढवून वचन सिद्ध होत नाही. रजेचं पटलं. मार्कचं वाक्य मी पूर्ण द्यायला हवं होतं, तेही ठीक. रेशनवर मत तेच आहे, पण ते माझं म्हणून मांडतो, येशूचं म्हणून नाही.

रंकाळा_वारा: आणि 1950 च्या आदेशावर?

बावडेकर: त्यावर वेगळा धागा काढा, तिथं बोलतो.