अनुभव धागा: घर बांधताना कॉन्ट्रॅक्टरने खर्चाची फोड द्यावी का? सातारा-सांगलीकरांनो, तुमचा अनुभव लिहा

शाहूपुरी, सातारा. धागा मी सुरू करतोय, तेव्हा आधी माझंच सांगतो.

आमच्या जुन्या घरावर वरचा मजला चढवायचाय. १०५० चौरस फूट. तीन ठिकाणांहून कोटेशनं आणली. दोघांनी लेटरहेडवर एकच ओळ लिहून दिली: साहित्यासह चौरस फुटाला इतके रुपये. तिसऱ्यांचा कागद चार पानांचा होता. स्लॅब पाच इंची, काँक्रीट एम-२० प्रतीचं, त्या एका स्लॅबला सिमेंट सुमारे १०० पोती, बीमचं वेगळं. लोखंड किती किलो, त्यात ८, १० आणि १२ एमएम किती. वीटकाम किती ब्रास, आतला गिलावा किती, बाहेरचा किती, फरशीचा मूळ दर काय धरलाय, खिडक्यांना कुठलं सेक्शन. शेवटी कुठली कामं यात धरलेली नाहीत तेही लिहिलं होतं: टाकी, जिन्याचं रेलिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग.

ती चार पानं वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बाकीच्या दोघांना मी काय विचारायला हवं होतं. एकाने वॉटरप्रूफिंग धरलेलं नव्हतं आणि दुसऱ्याने बाहेरचा रंग.

आता मनाला लागलेली गोष्ट. बाबांनी तेच चार पानी कोटेशन पहिल्या कॉन्ट्रॅक्टरपुढे ठेवलं आणि विचारलं, “हेच सगळं यापेक्षा कमीत बसवताय का?” मी शेजारीच बसलो होतो, पण तोंडातून शब्द फुटला नाही. दोन दिवस खपून ज्याने हिशेब मांडला त्याच्याच कागदावर आम्ही दुसऱ्याशी भाव करत होतो. म्हणून विचारतोय. फोड मागणं बरोबर आहे का, आणि दिलेल्या फोडीचं पुढे काय व्हावं? घरमालक, कॉन्ट्रॅक्टर, मिस्त्री, सगळ्यांनी लिहा.

▪ कोरेगाव. कॉन्ट्रॅक्टर, २२ वर्षं या धंद्यात

दादा, तुम्ही स्वतःहून कबूल केलंत म्हणून लिहितोय. तो तिसरा माणूस म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा मी.

नकाशावरून क्वांटिटी काढायला मला दोन रात्री लागतात. दिवसा साइटवर असतो, त्यामुळे जेवण झाल्यावरच बसायचं. तेव्हा मी सगळं द्यायचो, दरासकट. एका गृहस्थांनी माझी यादी घेतली, सिमेंट-लोखंड स्वतः दुकानातून उचललं आणि मजुरीवर दुसरी टोळी लावली. यादी मात्र माझी होती. घर झालं, वास्तुशांतीला मला बोलावलंही. मी गेलो नाही.

दुसरा प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. मी शेवटच्या ओळीत प्रामाणिकपणे ‘देखरेख व नफा १० टक्के’ असं लिहिलं होतं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, माझ्यासमोर त्या ओळीवर काट मारली आणि म्हणाले, “हे काढा, बाकीचं मान्य.” त्या दहा टक्क्यांत माझा सुपरवायझर, मोटरसायकलचं पेट्रोल, पावसात बसून राहिलेल्या गड्यांची उचल आणि वर्षभरात गळती निघाली तर परत येऊन करून द्यायचं काम, इतकं सगळं होतं. दुकानातला सिमेंटचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. हमाली, स्लॅबखाली लावायच्या सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं, पाण्याचा टँकर, वाया जाणारा माल हे कुणी मोजत नाही. फोड दिली की गिऱ्हाईक नेमकं मोजता येणाऱ्या गोष्टीवरच भांडतं.

आता मी काय करतो ते सांगतो. क्वांटिटी, कंपनी, जाडी, माप सगळं लिहून देतो. पैसे मात्र टप्प्याने लिहितो: जोत्यापर्यंत इतके, स्लॅबपर्यंत इतके, वीटकाम-गिलावा, मग फरशी-प्लंबिंग-लाइट, शेवटी रंग. माझा खरेदीचा भाव आणि माझी मिळकत लिहीत नाही. तो माझा धंदा आहे. काय घालणार हे जाणून घ्यायचा तुमचा हक्क मला शंभर टक्के मान्य आहे.

▪ तासगाव

वडील गेल्यावर आईने घर बांधायला काढलं. मी पुण्यात नोकरीला. मिस्त्री ओळखीतलेच, घरचेच म्हणावेत असे. त्यांनी वहीच्या पानावर पेन्सिलीने एक आकडा लिहून दिला. आईने ते पान देवघरातल्या फळीवर जपून ठेवलं होतं.

घर झाल्यावर ‘एक्स्ट्रा’चा हिशेब आला ३ लाख ८० हजारांचा. स्वयंपाकघरातला लॉफ्ट, खिडक्यांच्या जाळ्या, टाकीखालचा स्टँड, परसातला कट्टा. यातलं प्रत्येक काम आईने खरोखरच सांगितलं होतं, ते नाकारता येत नव्हतं. पण सांगताना तिला कुणी दर सांगितला नव्हता आणि तिनेही विचारला नव्हता. तिला वाटलं, लॉफ्ट म्हणजे घराचाच भाग. मिस्त्रींना वाटलं, मूळ आकड्यात तो नाहीच. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, म्हणून तर भांडण मिटेना. शेवटी आईच्या बांगड्या मोडल्या. मिस्त्री आजही रस्त्यात भेटले की मान खाली घालून जातात.

कोरेगावच्या दादांना माझी एक विनंती: नफा लिहू नका, खरेदीभाव लिहू नका, पण वाढीव कामाचा दर पहिल्या दिवशी लिहून द्या. लॉफ्ट चौरस फुटाला किती, कंपाउंड रनिंग फुटाला किती. माझ्या आईला तेवढाच एक कागद हवा होता.

▪ मिरज, इलेक्ट्रिशियन

आमच्यात फोड पहिल्यापासूनच आहे, आम्ही पॉइंटवर, म्हणजे दिवा, पंखा, प्लग अशा प्रत्येक जोडणीमागे, काम घेतो. तरी भांडणं होतात, कारण पॉइंट म्हणजे काय हे कागदावर नसतं. जिन्याचा दिवा खालून-वरून लागतो, दोन बटणं असतात. त्याचा एक पॉइंट धरायचा की दोन? बोर्डावरचा सॉकेट वेगळा मोजायचा का? वायर कुठली, लाइटला १.५ आणि गिझर-एसीला ४ स्क्वेअर एमएमची, की सगळीकडे एकच ओढायची? मी आता हे चार प्रश्न आधीच लिहून सही घेतो. गेल्या दोन वर्षांत एकदाही वाद नाही.

▪ गावभाग, सांगली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, ते दिवस सांगलीत कुणाला सांगावे लागत नाहीत. आमचा तळमजला आठवडाभर पाण्यात होता. पाणी उतरल्यावर भिंतींवर हात ठेवला की गिलाव्याचा पोपडा हातात यायचा, मागची वीट ओली आणि काळी.

त्या वेळी प्रत्येक जण मिस्त्री शोधत होता. जो मिळाला त्याला धरलं. त्याने ‘गिलावा, रंग, लाइट फिटिंग दुरुस्ती: एकूण’ आणि पुढे रक्कम, इतकंच लिहून दिलं. आम्हीही जास्त विचारलं नाही, उलट आला याचंच बरं वाटलं. पुढे विम्याचा दावा केला तेव्हा सर्व्हेअरने विचारलं, गिलावा किती चौरस फूट काढला? कुठल्या खोलीचा, किती उंचीपर्यंत? वायरिंग किती मीटर बदललं? आमच्याकडे एकही उत्तर नव्हतं. भिंती तोवर रंगवून झाल्या होत्या. कागद दोनदा परत आला. शेजारच्या काकांनी मिस्त्रीकडून खोलीवार मापं लिहून घेतली होती आणि प्रत्येक भिंतीवर टेप लावून फोटो काढले होते. त्यांचं काम आमच्या कितीतरी आधी मार्गी लागलं.

आणखी एक. फोड असती तर त्यात ‘भिंत वाळू देणे’ ही ओळ आली असती की नाही मला माहीत नाही, पण ‘जुना गिलावा काढणे’ नक्की आली असती. आमच्या मिस्त्रीने दोन खोल्यांत जुन्यावरच पुट्टी ओढली. पुढच्या पावसाळ्यात सगळी फुगून आली. तक्रार कशावर करणार? कागदावर नुसतं ‘गिलावा’ लिहिलेलं.

पूरपट्ट्यातल्या लोकांना हात जोडून सांगते, घाईतसुद्धा मापं लिहून घ्या.

▪ सातारा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त

नोकरीभर आयटमवार दरातच बुडालेलो होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सरकारी कामात दरसूची छापील असते. बी-१ निविदेत ठेकेदार अंदाजपत्रकाच्या रकमेवर इतके टक्के जास्त किंवा कमी एवढंच सांगतो. बी-२ मध्ये प्रत्येक आयटमला स्वतःचा दर भरतो. पुढे मोजमाप वहीत प्रत्यक्ष माप चढतं आणि त्यावर बिल निघतं. दर आणि माप अशी दोन्ही हातात असतात. खासगी घरात ना छापील दर, ना मोजमाप वही. म्हणून मी फोडीच्या बाजूचा आहे. पण फोड हातात आली म्हणजे धोका टळला असं समजू नका. मी पाहिलेली चलाखी सांगतो: सुरुवातीच्या आयटमना, म्हणजे खोदाई, जोतं, भराव यांना दर चढे लावायचे आणि शेवटच्या रंग-फिनिशिंगला पडेल लावायचे. बेरीज स्वस्त दिसते. निम्मं काम होईपर्यंत पैशाचा मोठा भाग उचललेला असतो, मग माणूस साइटवर दिसेनासा होतो. तेव्हा नुसती शेवटची बेरीज पाहू नका, कुठल्या टप्प्याला किती टक्के जातात ते पाहा.

काही कामांत ठोक रक्कम मागणंच अन्यायाचं आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर बांधणाऱ्या नातेवाइकाबरोबर मी उभा होतो. तीन फुटांपर्यंत मुरूम, तिथून खाली काळा खडक. ठोक रकमेत काम घेतलेल्या मुलाला ब्रेकर लावावा लागला आणि खोदाईतच तो तोट्यात गेला. तो तोटा त्याने पुढे कुठेतरी भरून काढणारच, आणि तो नेमका न दिसणाऱ्या जागी भरून निघतो. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे चार दर लिहून ठेवले आणि जे लागेल ते मोजलं, तर दोघंही शांत झोपतात.

न दिसणाऱ्या जागेचं उदाहरण देतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी लहान होतो. पाटणकडच्या नातेवाइकांची पडलेली घरं पाहिलीत. म्हणून कॉलमच्या रिंगांवर, म्हणजे उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या कड्यांवर, माझा डोळा असतो. कॉलमच्या तळाशी आणि माथ्याशी दोन-दोन फुटांत रिंगा सहाऐवजी चार इंचांवर घातल्या, तर एका कॉलमला चार रिंगा वाढतात. आठ एमएमचं लोखंड मीटरला ०.३९५ किलो भरतं, म्हणजे वाढ दीड किलोच्या आसपास. १४ कॉलम धरले तरी एका मजल्याला जेमतेम २० किलो. ‘लोखंड: ठोक’ लिहिलं की हेच २० किलो पहिलं गळतं आणि काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही. म्हणून बाकी काही नाही मिळालं तरी लोखंडाची फोड, एमएमप्रमाणे आणि अंतरासह, घ्याच.

▪ विश्रामबाग, सांगली. इंजिनिअर-कॉन्ट्रॅक्टर, सहा वर्षं

मी सगळं उघड ठेवतो. माल मालकाच्या नावावर येतो, बिलं त्यांच्याकडे जातात, मी मजुरी आणि माझी ठरलेली फी घेतो. स्वतंत्र एका घराच्या नुसत्या मजुरीच्या कामाला जीएसटी माफ आहे, साहित्यासह ठेका घेतला की १८ टक्के लागतो. ही गोष्टही बऱ्याच मालकांना मी सांगेपर्यंत माहीत नसते. मध्ये लोखंड चढलं तेव्हा मला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही, बिल त्यांच्याच हातात होतं.

पण याचाही त्रास आहे. एक मालक रोज संध्याकाळी रिकामी पोती मोजायचे. एक दिवस दोन पोती कमी भरली म्हणून माझ्या गवंड्याची डबा ठेवायची पिशवी उघडून पाहिली. तो माणूस माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. दुसऱ्या दिवशी पोती वाळूखाली सापडली, पण त्याने त्या साइटवर पाय ठेवला नाही. मी त्याला आग्रह केला नाही. हिशेब उघडा ठेवतो म्हणून माझ्या माणसांची झडती घ्यायची मुभा मी दिलेली नाही. हे वाक्य आता माझ्या करारात आहे.

▪ कराड

गिलाव्याच्या मापात दार-खिडकीची वजावट होणार का, तेवढं आधी विचारा. आमचं अख्खं बिल त्यावर अडकलं होतं. मिस्त्री म्हणे, कडा भराव्या लागतात म्हणून भोक धरूनच माप. मी म्हणे, जिथे गिलावा नाही त्याचे पैसे कसले? नंतर कळलं, लहान उघड्या जागेला वजावट नसते आणि मोठ्याला असते, असे मोजमापाचे नियम ठरलेलेच आहेत. मिस्त्रींचं निम्मं बरोबर होतं, माझं निम्मं. त्यांना फोन करून तसं सांगितलं.

▪ शाहूपुरी, सातारा (धागाकर्ता)

सगळं वाचलं. कोरेगावच्या दादांचा पेनाने काट मारल्याचा प्रसंग बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रविवारी जाऊ त्यांच्याकडे.”

गेलो, चार पानी कोटेशन देणाऱ्या त्या तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे. आम्ही काय केलं ते बाबांनी स्वतःच सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं, गाव केवढं! क्वांटिटी काढायची त्यांची जी काही फी असेल ती देतो म्हटलं. आधी नको म्हणाले, मग वहिनी आतून म्हणाल्या, “घ्या, रात्री जागून केलंय,” तेव्हा घेतली. चार पानांत आणखी एक पान जोडलं: वाढीव कामाचे दर. कॉलमच्या रिंगांचं अंतर मी विचारलं, तर नकाशावर बोट ठेवून त्यांनी दाखवलं, चार इंच आधीच लिहिलेलं होतं.

दिवाळीपर्यंत वाईचं काम आहे म्हणाले. थांबतो.