बालकवींच्या ‘औदुंबर’मधला काळा डोह: मृत्यू की सावलीतलं पाणी?

नवीपेठवाचक:
रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर ‘औदुंबर’वरून जुंपली. चहा दोनदा झाला, तरी मिटेना. म्हणून इथे टाकतोय.

कविता आठच ओळींची. ‘ऐल तटावर पैल तटावर’, म्हणजे दोन्ही काठांवर, हिरवळ घेऊन एक निळासावळा झरा बेटाबेटांतून वाहतोय. पलीकडच्या टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, पुढे शेतमळ्यांची दाटी. त्यातून एक पांढरी पायवाट अडवीतिडवी पडलेली. ती हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चाललीय. आणि शेवटी:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

संपली कविता. आता गाईड उघडा. झरा म्हणजे जीवन, पायवाट म्हणजे आयुष्याचा प्रवास, काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. वाण्याच्या यादीसारखं समोरासमोर भाव लिहून मोकळे. कट्ट्यावरचे निम्मे लोक हेच बोलत होते आणि एकालाही कवितेतला हिरवा रंग किती वेळा आलाय हे सांगता येईना. (तीन वेळा.)

मला तिथे मृत्यू दिसत नाही. मला उन्हाळा दिसतो. बालकवी जळगावकडचे, धरणगावचे. तिकडचं ऊन आपल्या सोलापूरसारखंच, किंबहुना चार पावलं पुढे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सात रस्त्यावर उभं राहून बघा, मग झाडाची काळी सावली ‘गोड’ का वाटते ते कुणी समजावून सांगायला लागणार नाही. दाट झाडाखालचं पाणी काळंच दिसतं. कवीने ते पाहिलं आणि लिहिलं. मृत्यूला ‘गोड’ म्हणायचं असेल तर त्याची काहीतरी तयारी कवितेत दिसायला हवी की नको?

आणि हा मृत्यू आला कुठून? बालकवी १९१८ साली, वयाची अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली गेले. ते माहीत असल्यामुळे आपण डोहात डोकावतो आणि तिथे रूळ बघतो. कवीचं मरण कवितेवर मागाहून चिकटवलेलं आहे.

निवृत्तमास्तर:
सावलीचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण पुढचं पटत नाही.

आपण सोलापूर जिल्ह्यातली माणसं. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, आषाढीला अर्धा महाराष्ट्र आपल्या दारावरून जातो. आपल्या कानावर ‘ऐल’ आणि ‘पैल’ पडलं की पैलतीर आठवत नाही असा माणूस दाखवा. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ म्हणताना ज्ञानेश्वर काय फक्त कावळ्याची बातमी देतात? तो कावळा शकुन सांगतो, पंढरीराऊ घरी कधी येतील ते त्याला विचारायचं आहे. एका बाईचं वाट बघणं आणि जिवाचं वाट बघणं, दोन्ही एकाच कावळ्यावर बसलेलं. एकनाथांचं भारूड घ्या. विंचू चावला म्हणून बाई नाचते, लोक हसतात, आणि मग नाथ स्वतःच सांगतात, ‘काम क्रोध विंचू चावला’. म्हणजे एका गोष्टीत दुसरी बघायची सवय आपल्याला प्राध्यापकांनी लावलेली नाही. ती कीर्तनात, ओसरीवर बसून लागली आहे. गाईडवाले आळशी आहेत, एवढ्यावरून ती सवय खोटी ठरत नाही.

आता कवितेतच बघू. पायवाट गावाकडे जात नाही. गाव पलीकडे टेकडीकडे राहिलं आणि वाट डोहाकडे गेली. दुसरं, या आठ ओळींत एकही माणूस नाही. गुरं नाहीत, पाखरू नाही, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. घरं आहेत, मळे आहेत, माणसांच्या पायांनीच पडलेली वाट आहे, पण पाय मात्र एकालाच आहेत: औदुंबराला. तो ते पाण्यात सोडून बसलाय. सगळं चालणं जिथे थांबलं तिथे एक बसलेला आहे. एवढं सगळं फक्त सावलीसाठी?

उजनीकाठ:
मास्तर, नमस्कार. आमचं गाव करमाळ्याकडं, पुस्तकातलं आमाला लई कळत नाही, पण वाटेचं कळतं.

पायवाट गावाकडं जात नाही म्हणता. अहो, वाटेला दोन टोकं असतात! एक गावात, एक पाण्यावर. गुरं पाण्यावर न्यायची, धुणं न्यायचं, घागर आणायची. गावातनं निघालेली पहिली वाट पाणवठ्यालाच जाते, दुसरी शेताला. रोज जनावरांचे खूर पडून माती उघडी होते, फुफाटा होतो, म्हणून ती पांढरी. मृत्यूबित्यू काय नाही त्यात.

आणि उंबर तिथंच असणार. आमच्याकडं पाणाड्या विहिरीची जागा बघायला आला की आधी उंबर हुडकतो. उंबर असला म्हंजे खाली पाणी. मुळ्या पाण्यात सुटलेल्या असतात, काठाची माती वाहून गेली की उघड्या पडतात. लांबनं बघितलं तर खरंच कुणीतरी धोतर वर करून पाय सोडून बसल्यागत दिसतं. कवीनं बरोब्बर बघितलंय.

पण नवीपेठवाले, तुमचंबी सगळं खरं नाही. भीमेचे जुने डोह उजनीचं पाणी चढल्यावर दिसेनासे झाले, तरी आमची आजी मरेपर्यंत म्हणायची, ‘पोरांनो, डोहाकडं जाऊ नका.’ नदी म्हणायची नाही, डोह म्हणायची. डोहात पोहणारी माणसं गेलेली असतात, प्रत्येक गावात एखादं तरी. आता ही भीती कुठल्या गाईडातनं आली? ती काळ्या पाण्यातच हाय. कवीला घालायची गरज नाही आणि तुम्हाला काढता यायची नाही.

कडकभाकरी:
दत्तभक्तांचं काय बे? सगळे मरणावरच चर्चा करायलाव.

औदुंबर म्हटलं की आमच्या घरात गाणगापूर. सोलापुरातनं गाडीत बसलं की दोन-तीन तासांत भीमा-अमरजा संगम. गुरुचरित्रात गोष्ट आहे, कुष्ठ झालेल्या ब्राह्मणाला महाराज वाळकं औदुंबराचं लाकूड रोवायला सांगतात. तो रोज पाणी घालतो, लोक येड्यात काढतात, आणि एक दिवस त्या लाकडाला पालवी फुटते. ज्या झाडाखाली गुरू बसतो, ज्याचं वाळकं लाकूड जिवंत होतं, ते झाड मरणाचं? नाव ‘उंबर’ न ठेवता ‘औदुंबर’ ठेवलंय, ते उगाच? प्रतीक आहेच, पण तुमचं उलटं लागलंय. तो बसलाय तो ध्यानाला.

नवीपेठवाचक:
कडकभाकरी, मजा अशी की तुम्ही आणि मास्तर दोघंही ‘प्रतीक आहे’ म्हणता, आणि एकाला मरण सापडतं, एकाला संजीवनी. मग नक्की कुणाचं धरायचं? झाडाला श्रद्धा चिकटलेली आहे हे खरं, पण ती तुम्ही गाणगापूरहून आणलीत. कवितेत गुरू नाही, पादुका नाहीत, प्रदक्षिणा नाही.

माझी एक साधी कसोटी आहे. प्रतीकाच्या जागी त्याचा ‘अर्थ’ बसवा आणि कविता उभी राहते का बघा. ‘हिरव्या कुरणांमधून चाललेली पांढरी वाट मृत्यूकडे गेली.’ झालं, चित्र मेलं. आता लाटा कशावर आल्या? गोड काय राहिलं? जे वाचन कवितेतले निम्मे शब्द वाया घालवतं, ते माझ्या दृष्टीने नापास.

शेंगाचटणी:
नवीपेठ दादा, ही कसोटी गाईडला लागू पडते, प्रतीकाला नाही. तुम्ही दोन गोष्टींची खिचडी करताय.

मी मराठीची विद्यार्थिनी, म्हणून थोडं लांबण लावते. चोखोबा म्हणतात, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, मग वरच्या रंगाला काय भुलायचं. हा दृष्टान्त. मुद्दा आधी, ऊस नंतर. आपल्या जिल्ह्यात, ट्रॉलीवर ऊस बघत मोठं झालेल्या माणसाला तो फोड न करता कळतो, आणि मुद्दा कळला की उसाचं काम झालं. इथे समोरासमोर अर्थ लिहिला तर काही बिघडत नाही. पंढरपूरच्या महाद्वारात ज्यांची समाधी आहे, त्या माणसाने हे म्हटलंय हे लक्षात ठेवलं की अंगावर काटा येतो, ते वेगळं.

प्रतीकाचं काम असं संपत नाही. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ घ्या. ‘गरिब बिचारे बिळांत जगले, पिपांत मेले उचकी देउन’. उंदीर म्हणजे शहरातली माणसं, असं वर्गात सांगतात. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांना मी ही ओळ वाचून दाखवली तर ते एकदम म्हणाले, ‘ही आमची चाळ.’ दुसऱ्या कुणाला छळछावणी दिसेल, कुणाला लोकल. कोणताही अर्थ लावला तरी ते ओलं पिंप आणि ती उचकी तिथेच राहतात, कुणाला खोडता येत नाहीत. म्हणून तुम्ही जे विचारलंत ना, मरण की संजीवनी, नक्की कुणाचं, त्यावर मी म्हणेन की दोघांना वेगवेगळं दिसतंय हाच पुरावा आहे की तिथे नुसती सावली नाही. नुसत्या सावलीवर एवढे लोक भांडले नसते. समीक्षकांनी या आठ ओळींवर पानंच्या पानं खर्ची घातली ती काय सगळी उन्हामुळे?

नवीपेठवाचक:
ताई, भांडण होतं म्हणून अर्थ असतो हा न्याय लावला तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये महाकाव्य आहे.

गंभीरपणे बोलायचं तर, बालकवींना खिन्नता लपवायची सवय नव्हती. ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’, असं ते सरळ विचारतात. ‘पारवा’त पडकी धर्मशाळा आहे, कौलावर बसून खिन्न गाणारा पारवा आहे. कुणालाही कळेल असं सांगितलंय. ज्याला उघड सांगता येतं तो ‘औदुंबर’मध्येच कोडं का घालेल?

निवृत्तमास्तर:
कारण कोडं घातलेलंच नाही! ‘पारवा’त कवी आपल्याला ‘खिन्न’ हा शब्द हातात देतो. ‘औदुंबर’मध्ये एकही भाव शब्दाने दिलेला नाही, फक्त एक ‘गोड’ सोडून, आणि तोही काळिम्याला जोडून दिलाय. तुम्ही म्हणता सावली म्हणून गोड. ठीक. पण सावलीने सुखावलेला माणूस ‘झांकळुनी’ म्हणेल का? ते पाणी झाकोळलंय. गार वाटतंय आणि झाकोळलंयही. मला मृत्यू हा शब्द नको असला तरी चालेल, उजनीवाल्यांनी ‘भीती’ म्हटलं तेही चालेल. फक्त ‘छान गारवा’ एवढ्यावर मी उठणार नाही.

कवीच्या अपघाताचं म्हणाल तर त्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. वर्गात ते मी आधी कधीच सांगत नसे. कविता झाल्यावर सांगायचो, तेही कुणी विचारलं तर.

उजनीकाठ:
मास्तर, एक सुचतंय. उंबराला फूल दिसत नाही, ‘उंबराचं फूल’ म्हणतो आपण क्वचित येणाऱ्याला. फूल असतं, पण फळाच्या पोटात. पिकलेलं फोडलं की आत बारीक चिलटं. वरनं लालबुंद, खायला गोड, आत ही भुरभूर. झाडच तसलं हाय. एवढंच सांगायचं होतं, चालू द्या.

जुळेसोलापूर:
सगळ्यांना नमस्कार. मी पहिल्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात पेपर. ‘औदुंबर या कवितेतील प्रतीके स्पष्ट करा’ असा प्रश्न येणार म्हणतात. सगळा धागा वाचला. आता मी लिहू काय?

कडकभाकरी:
लिही दत्त महाराज. पास करतील ते.

निवृत्तमास्तर:
बाळा, गाईडमधली ‘झरा = जीवन’ असली बरोबरची चिन्हं लिहू नकोस. ओळ दे, ओळीत काय दिसतं ते लिही, मग त्यातून काय वाटतं ते. हिरवा, पांढरा, काळा असा रंगांचा क्रम लिही. नवीपेठवाल्यांचं ऊन आणि सावलीही लिही, विरोधी मत दिलं की उत्तर भक्कम दिसतं.

नवीपेठवाचक:
आणि सरांचा पायांचा मुद्दा टाक. माणूस कुठेच नाही आणि पाय फक्त झाडाला. मला तो अर्थ पटलेला नाही, पण आमच्या कट्ट्यावर कुणालाच हे दिसलं नव्हतं, गाईडातही नाही.

जुळेसोलापूर:
टाकतो. पण सर, पेपर तपासणाऱ्यांनी पण गाईडच वाचलेलं असलं तर?