ऑझीला काढलं आणि सबाथ संपला? अजिबात पटलं नाही

रिफवेडा:
काल एकाने लिहिलं की १९७९ ला गायक ऑझी ऑस्बॉर्नला काढलं तिथेच ब्लॅक सबाथ हा इंग्लिश हेवी मेटल बँड संपला, पुढे नुसतं नाव विकलं. वाचून डोकंच सटकलं. अरे १९७८ चा नेव्हर से डाय अल्बम पुन्हा ऐका, दमलेला बँड आहे तो. आणि ऑझीच्या जागी गायक डिओ आला की १९८० ला थेट हेवन अँड हेल! ऑझी बऱ्याचदा रिफच्याच (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या) चालीवर गायचा, डिओ रिफला छेद देऊन गायचा, त्यामुळे गिटारिस्ट टोनी आयोमीला खाली कॉर्ड फिरवायला मोकळीक मिळाली. रिफ लिहिणारा माणूस तोच होता, मग बँड संपला कसा?

जुनासत्तर:
ते मीच लिहिलंय आणि अजून तेच म्हणतोय. रिफवाला तोच म्हणजे बँड तोच, तर १९८६ चा सेव्हन्थ स्टार पण सबाथच का? आयोमीचा सोलो होता तो, कंपनीने नाव चिकटवायला लावलं. आणि शब्दांचं काय? ऑझीच्या काळात बहुतेक गाणी बेसिस्ट गीझर बटलर लिहायचा, युद्ध, व्यसन, डोक्यातली भीती. डिओने राजे आणि इंद्रधनुष्यं आणली. ऑझीला तंत्र नव्हतं हे मान्य, पण तो घाबरलेल्या माणसासारखा गायचा आणि त्या गाण्यांना तेच हवं होतं.

हेडलेस८९:
कायम तुमचं ऑझी-डिओ, ऑझी-डिओ. नंतरचा गायक टोनी मार्टिन कुठे गेला? १९८७ ते १९९५, पाच अल्बम! रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मानाच्या यादीत २००६ ला फक्त मूळचे चौघं, डिओसुद्धा नाही. मार्टिनचे बरेचसे अल्बम वर्षानुवर्षं धड मिळत नव्हते, बॉक्स सेट यायला २०२४ उजाडलं. वडील आजारी असताना मी रात्र रात्र जागायचो, तेव्हा मित्राच्या घासलेल्या कॅसेटवरचा मार्टिनचा हेडलेस क्रॉस अल्बम सोबतीला होता, त्यामुळे कुणी त्याला नकली सबाथ म्हटलं की मला लागतं. आणि त्यावरचे कोझी पॉवेलचे ड्रम ऐका, मूळ ड्रमर बिल वॉर्डला झेपले नसते.

टॉमटॉम:
थांब थांब. वॉर्डला झेपलं नसतं??? मी २२ वर्षं ड्रम वाजवतोय. पॅरानॉइड अल्बममधलं पहिलंच गाणं आम्ही तीन महिने बसवत होतो, ठोके सगळे बरोबर आणि तरी गाणं मेलेलं. शेवटी लय मोजून देणारा मेट्रोनोम बंद केला आणि गिटारकडे कान लावून वाजवलं तेव्हा कुठे जीव आला. वॉर्ड जॅझ ड्रमर जीन क्रुपाला ऐकून वाढलेला, त्याच्या हातात स्विंग (जॅझमधली झुलती लय) आहे. पॉवेल जोरात मारतो, वॉर्ड ऐकून मारतो. सबाथच्या २०१३ च्या अल्बमवर वॉर्ड नाही, कराराचं जमलं नाही म्हणून, ब्रॅड विल्कने वाजवलं, मला आजही तो अल्बम अर्धा वाटतो.

हेडलेस८९:
जोरात मारतो म्हणजे? टिर अल्बमवर किती जागा सोडल्यात पॉवेलने, कधी मोजल्यास? २२ वर्षं वाजवलं म्हणजे कान आले असं नाही.

टॉमटॉम:
कानावर जाऊ नकोस.

रिफवेडा:
भांडू नका रे. पण टॉमटॉम, हेवन अँड हेलवर वॉर्डच आहे! ड्रमर विनी ॲपिसी नंतर आला, पुढच्या मॉब रूल्स अल्बमला. म्हणजे तुझ्या हिशोबाने डिओचा पहिला अल्बम पूर्ण सबाथच.

टॉमटॉम:
हो, ते खरंय. त्या अल्बमबद्दल माझी तक्रार नाहीच.

जुनासत्तर:
बरं, हेवन अँड हेल सोडून देतो, तेवढा एकच. पण ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर शेवटच्या शोला मूळचे चौघं एकत्र उभे राहिले, म्हणजे ऑझी खुर्चीतच होता, आणि वॉर्डने पहिला ठोका दिला तेव्हा मी रडलो. १७ दिवसांनी ऑझी गेला. दुसऱ्या कुठल्या लाइनअपसाठी असं रडू येईल मला? नाही येणार.

हेडलेस८९:
मला येईल. आणि मार्टिनबद्दल अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही. हेडलेस क्रॉस पूर्ण ऐका, मग बोलू.