कॉर्टिसॉल ‘स्रवतं’ की ‘पाझरतं’?

तापीकाठ: नर्सिंगच्या मराठी टिपणातलं, मूत्रपिंडावरच्या (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाबद्दलचं वाक्य: ‘अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करून साठवते आणि गरजेनुसार स्रवते.’ तपासणाऱ्यांनी ‘स्रवते’ खोडून ‘पाझरते’ केलं. बरोबर आहे का?

दादरची_भाकर: खोडायला हवं होतं ‘साठवते’. इन्सुलिन पुटिकांत, म्हणजे पेशीतल्या बारीक पिशव्यांत, भरून तयार असतं. इशारा आला की पुटिका पेशीपटलाला चिकटून बाहेर ओतते. कॉर्टिसॉल मेदात विरघळणारं, कोंडलं तरी पटलातून निसटणार. साठा असतो तो कोलेस्टेरॉलचा, मेदाच्या थेंबांत.

सातपुडा: म्हणजे ‘पाझर’च! प्राकृतात ‘पज्झरइ’ आहे. आपली धुळ्याची पांझरा नदीही त्यातलीच.

गिरणाथडी: नाद जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली नाही. ‘स्राव’ आला ‘स्रु’वरून, म्हणजे वाहणे. त्यात पुटिकेची अट कुठाय? उलट पाझराला कोणी विचारत नाही, तो आपला चालूच. इथे एसीटीएचच्या, म्हणजे पियुषिका ग्रंथीच्या संप्रेरकाच्या, हुकमाशिवाय पाणी हलत नाही. फड पद्धतीच्या सिंचनात पाटावर पाणी सोडणारा पाटकरी असतो, तसं.

दादरची_भाकर: हुकूम आहे, पण दार पाटाच्या तोंडाशी आहे, शेवटाला नाही. कॉर्टिसॉल कोलेस्टेरॉलपासून बनतं. स्टार नावाचं प्रथिन ते कोलेस्टेरॉल मायटोकाँड्रिया या पेशीतल्या कणाच्या बाहेरच्या पटलावरून आतल्या पटलावर नेतं. तिथे २७ कार्बनांतले ६ तुटतात, २१ कार्बनांचं प्रेग्नेनोलोन उरतं. ते गुळगुळीत जालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, जातं. १७ आणि २१ क्रमांकाच्या कार्बनांवर हायड्रॉक्सिल (OH) गट तिथे बसतात. ११ व्या कार्बनसाठी माल परत मायटोकाँड्रियात. २१ व्या कार्बनाचं काम करणारं जालिकेतलं विकर, २१-हायड्रॉक्सिलेज, जन्मतः कमी पडलं, तर त्याच्या आधीचा माल, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, मागे तुंबतो आणि अँड्रोजेनच्या (पुरुषी संप्रेरकांच्या) चारीत वळतो. कॉर्टिसॉल कमी म्हणून एसीटीएच आणखी वाढतं, तुंबारा आणखी मोठा.

भाषाशुद्धी: एवढं मराठी लिहिता, मग ‘मायटोकाँड्रिया’ कशाला? तंतुकणिका म्हणा. ग्रीकमध्येही मिटॉस म्हणजे धागा, काँड्रिऑन म्हणजे कण.

गिरणाथडी: शब्द चांगला, त्याला चिकटलेलं ‘पेशीचं ऊर्जाघर’ वाईट. त्यामुळे पोरं स्टेरॉइडच्या उत्तरात नुसती जालिका लिहितात आणि पहिली-शेवटची पायरी गाळतात.

तापीकाठ: माझं क्रियापद?

सातपुडा: ‘बाहेर पडतं’ लिहा, बठ्ठा वाद मिटला.

भाषाशुद्धी: ‘पडतं’ फारच ढोबळ. आणि ‘गुळगुळीत जालिका’ काय? ‘मृदू’ हवं.

दादरची_भाकर: मृदू म्हणजे मऊ हो. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, चिकटलेली ती खडबडीत, नसलेली गुळगुळीत. मऊपणा कोणी चाचपून पाहिला?

भाषाशुद्धी: गुळगुळीतपणा तरी कोणी पाहिला?

गिरणाथडी: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने.