सेवा वाईट असताना बिलात आधीच लावलेले सेवा शुल्क नाकारता येते का?

मृण्मयी_पुणे:
गेल्या महिन्यात पणजीतील एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही चौघे जेवायला गेलो होतो. तळलेली सुरमई थंडगार आली, सोलकढी जेवण संपत आल्यावर आली आणि पाणी तर दोनदा मागूनही मिळाले नाही. बिलात जेवणाचे २,४०० रुपये, त्यावर १० टक्के सेवा शुल्क म्हणून २४० रुपये आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १३२ रुपये, असे एकूण २,७७२ रुपये झाले होते. सेवा शुल्क काढून टाका, असे मी सांगितले तेव्हा व्यवस्थापकाने मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवली आणि ऑर्डर दिली म्हणजे ही अट मान्य केली, असे ऐकवले. वाद नको म्हणून आम्ही यूपीआयने सगळे पैसे भरले. सेवा वाईट होती हे सिद्ध केल्याशिवाय हे शुल्क नाकारता येत नाही का?

ग्राहकहित:
सेवा वाईट होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. सेवा उत्तम मिळाली असती तरीही हे २४० रुपये नाकारण्याचा तुमचा हक्क तेवढाच पक्का होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही हॉटेलला किंवा रेस्टॉरंटला सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही, जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी आकारता येत नाही आणि ते द्यायला तयार नसलेल्या ग्राहकाला प्रवेशही नाकारता येत नाही. रेस्टॉरंटचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळवली. त्यामुळे बराच काळ हा प्रश्न अधांतरी होता. मात्र २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या आणि प्रत्येक संघटनेला १ लाख रुपये भरण्याचा आदेश दिला.

मेनूकार्डावर छापले की ग्राहकाची संमती मिळाली, हा व्यवस्थापकाचा युक्तिवाद संघटनांनीही न्यायालयात केला होता आणि तो तेथे टिकला नाही. सक्तीचे सेवा शुल्क ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि अनुचित प्रथा आधी छापून जाहीर केली म्हणून ती उचित होत नाही. निकालाविरुद्ध संघटनांनी अपील केले आहे, हे खरे आहे; पण अपील दाखल झाले म्हणून निकाल आपोआप थांबत नाही. सक्तीच्या सेवा शुल्काला ‘स्टाफ कॉन्ट्रिब्यूशन’ (कर्मचाऱ्यांसाठी योगदान) असे नाव दिले तरीही उत्तर हेच राहते. आपले बिल पुन्हा मांडून पाहा: २,४०० अधिक १२० म्हणजे २,५२० रुपये. तुमच्याकडून २५२ रुपये जास्त घेतले गेले, त्यातले १२ रुपये तर निव्वळ न देय असलेल्या शुल्कावरचा कर आहेत.

माजी_कॅप्टन:
मी अनेक वर्षे हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, म्हणून काम केले आहे आणि वरील मताशी सहमत आहे, पण एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सुरमई थंड येण्यामागे बहुतेक वेळा किचनमधील गोंधळ किंवा अपुरी माणसे हे कारण असते, आणि त्याचा राग मात्र टेबलावर आलेल्या वेटरवर निघतो. सेवा शुल्कातला किती वाटा वेटरपर्यंत पोहोचतो, हे ग्राहकाला बिलावरून कधीच कळत नाही. ते मालकाच्या मर्जीवर असते. म्हणून शुल्क नाकारताना वेटरशी हुज्जत घालू नका, थेट व्यवस्थापकाशी बोला, आणि ज्याने तुम्हाला मनापासून वाढले त्याच्या हातात बक्षिसी रोख द्या. ती द्यायची की नाही, आणि किती, हे पूर्णपणे तुमच्या हाती असते.

मृण्मयी_पुणे:
दोघांचेही आभार. पैसे तर भरून झाले आहेत आणि मी पुण्याला परत आले आहे. तक्रारीसाठी पुन्हा गोव्याला जावे लागेल का?

ग्राहकहित:
जावे लागणार नाही. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बिलाचे छायाचित्र व यूपीआय व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. हेल्पलाइन दावा दाखल होण्यापूर्वी तडजोड घडवण्यासाठी आहे. ती रेस्टॉरंटला पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकत नाही. तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगात दावा करण्याची मुभा दिल्याने तुमच्यासाठी पुणे चालेल. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रारीत दोन मुद्दे वेगवेगळे लिहा. सेवा शुल्काची वसुली हा पहिला मुद्दा बिलावरूनच सिद्ध होतो. थंड जेवण आणि न मिळालेले पाणी ही सेवेतील त्रुटी आहे. तिच्यासाठी मात्र पुरावा लागेल, म्हणून सोबतच्या तिघांपैकी एकाचे शपथपत्र जोडा. इतर ग्राहकांकडूनही हीच वसुली सुरू असेल, तर संबंधित जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र तक्रार करता येते आणि तिची चौकशी होऊन ती प्राधिकरणापर्यंत जाऊ शकते. ही तक्रार मात्र उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहावी लागेल.